नाव दिले; ओळख पटेल का?

तांदूळ निवडताना सुपात सोंड असलेला जो काळपट तपकिरी बारीक किडा दिसतो, त्याचा परिचय आपल्या सर्वांना आहे. कोणी त्याला सोंडा म्हणतात, कोणी टोका. लिनियसने १७६३ साली त्याला शास्त्रीय नाव दिले. त्याचा एक भाऊबंद मक्यावर अधिक आढळतो. मोट्शुल्स्की या रशियन कीटकशास्त्रज्ञाने १८५५ साली त्याला वेगळे नाव दिले. पण दोघे दिसायला इतके सारखे की पुढची शंभर वर्षे कोठारांत, प्रयोगशाळांत आणि पुस्तकांत त्यांचा घोळ चालूच राहिला. एकाच जातीचे हे लहान व मोठे वाण आहेत असेही कित्येक जण समजत. नावांचा हा गुंता कुशेल यांनी १९६१ साली सोडवला. आजही दोघांना खात्रीने वेगळे ओळखायचे तर नराचे पोट उघडून त्याचे प्रजननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. मक्याच्या सोंड्यात त्याच्या वरच्या पृष्ठभागावर दोन लांबट खाचा असतात. तांदळाच्या सोंड्यात तो भाग गुळगुळीत असतो.

ज्या किड्याने माणसाचे धान्य हजारो वर्षे खाल्ले, ज्याच्यावर सरकारांनी पैसा खर्च केला, त्याची ही कथा. मग दूरच्या बेटांवर, डोंगरातल्या पाचोळ्यात राहणाऱ्या, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या, उडता न येणाऱ्या सोंडकिड्यांच्या शंभर नव्या जातींचे वर्णन कोणी एकाच लेखात केले, तर त्यावर किती भरवसा ठेवावा?

हा प्रश्न काल्पनिक नाही. इंडोनेशिया आणि न्यू गिनीच्या बेटांवर ट्रिगोनॉप्टेरस नावाच्या सोंडकिड्यांवर जर्मनीतील कार्ल्सरूए येथील निसर्गविज्ञान संग्रहालयाचे अलेक्झांडर रीडेल आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे काम करीत आहेत. ‘झूकीज’ या नियतकालिकात २०१३ साली त्यांनी न्यू गिनीतील १०१ नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. २०१४ साली सुमात्रा, जावा, बाली, लोंबोक, फ्लोरेस इत्यादी बेटांवरील ९८ जाती आल्या. २०१९ साली रीडेल आणि इंडोनेशियाचे नाराकुसुमो यांनी सुलावेसी बेटावरील १०३ जाती मांडल्या. त्याच वर्षी तानिंबार द्वीपसमूहातील ७ आल्या आणि २०२१ साली सुलावेसीच्या मध्य भागातील आणखी २८. आम्ही हे लेख वाचले ते थोड्या संशयानेच. वाचून संशय बराचसा गेला, सगळा मात्र गेला नाही. त्याचाच हिशेब येथे मांडावयाचा आहे.

आधी एका शब्दाविषयी. आपल्या शालेय पुस्तकांत वर्गीकरणाची उतरंड कुल, प्रजाती, जाती अशी दिलेली असते. म्हणजे आंब्याचे ‘मँजिफेरा’ ही प्रजाती आणि ‘मँजिफेरा इंडिका’ ही जाती. वर्तमानपत्रांत मात्र दर आठवड्याला कोठे ना कोठे ‘नवी प्रजाती’ सापडते. पुस्तकाच्या अर्थाने पाहिले तर ही फारच मोठी बातमी ठरेल! विद्यार्थ्याने वर्गात एक अर्थ शिकावा आणि घरी आलेल्या वर्तमानपत्रात दुसरा वाचावा, याचा दोष विद्यार्थ्याकडे जात नाही. या लेखात आम्ही पुस्तकाचाच अर्थ घेतला आहे. ट्रिगोनॉप्टेरस ही प्रजाती. ती १८६२ सालापासून माहीत आहे. नव्या आहेत त्या जाती.

‘सापडली’ हा दुसरा फसवा शब्द. किडा बाटलीत पडला तो दिवस आणि त्याचे वर्णन छापून आले तो दिवस यांत पुष्कळदा काही वर्षांचे अंतर असते, कधी काही दशकांचे. संग्रहालयांतील पेट्यांतून नाव नसलेले नमुने टाचणीला टोचलेले पडून असतात. ते सापडलेले आहेतच. तुटवडा आहे तो त्यांच्याकडे बसून पाहणाऱ्यांचा. सोंडकिड्यांच्या विस्तृत गटात सुमारे ६२,००० जातींची वर्णने झाली आहेत आणि प्रत्यक्षातला आकडा २,२०,००० च्या घरात असावा, असा अंदाज ओबरप्रीलर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दिला होता. एक-एक जात निवांतपणे तपासत गेलो तर उरलेल्यांची पाळी येईपर्यंत त्यांची जंगले उरणार नाहीत, ही रीडेल यांच्या कामामागची तळमळ आहे आणि ती खरी आहे.

सुलावेसीचेच पाहा. वॉलेससारखा डोळस संग्राहक १८५६ ते १८५९ या काळात तेथे तीनदा राहून गेला. मलाय द्वीपसमूहातील आठ वर्षांच्या भटकंतीत त्याने ८३,२०० भुंगेरे जमवले, असे त्याचाच हिशेब सांगतो. तरीही या बेटावरील ट्रिगोनॉप्टेरसच्या पहिल्या जातीचे वर्णन व्हायला १८८५ साल उजाडले, आणि त्यानंतर २०१९ पर्यंत दुसरीचे झाले नाही. एकावरून एकदम एकशे चारांवर! याचे कारण साधे आहे. वरून पाहणाऱ्याला हा किडा दिसतच नाही. पाचोळा चाळणीत घ्यावा, झटकावा आणि खाली पडलेल्या मातीत तासन्‌तास निवडत बसावे, तेव्हा काळ्या खड्यासारखे काहीतरी हाती लागते. त्यातून धक्का बसला की ते पाय पोटाशी घेऊन मेल्याचे सोंग करते. माती फेकून देताना किती शास्त्रज्ञांनी ट्रिगोनॉप्टेरसही फेकले असतील कोण जाणे.

बातम्यांनी या साऱ्यातून काय उचलले? नावे. सुलावेसीच्या जातींत एक आहे योडा, हिरवट आणि लहानखुरी. शिवाय ॲस्टेरिक्स, ओबेलिक्स आणि इडेफिक्स हे फ्रेंच चित्रकथेतील त्रिकूट आहे. डार्विन, क्रिक आणि वॉटसन यांच्याही नावाने जाती आहेत. न्यू गिनीच्या वेळी तर १०१ नावे आणायची कोठून असा प्रश्न पडल्यावर लेखकांनी पापुआ न्यू गिनीची टेलिफोन डिरेक्टरी उघडली आणि तेथील आडनावे घेतली. काही जुन्या मंडळींना हा पोरखेळ वाटला. आम्हाला तसे वाटत नाही. जातीचे नाव म्हणजे तिचे वर्णन नव्हे. ती एक खूणचिठ्ठी आहे. त्या देशातल्या माणसांची आडनावे त्या देशातल्या किड्यांना मिळाली यात तर आम्हाला एक प्रकारचा न्यायच दिसतो. दूरच्या राजघराण्यांची आणि गोऱ्या गव्हर्नरांची नावे धारण करणारे किडे आपल्याकडेही थोडे नाहीत. तक्रार वेगळी आहे. नावाची गंमत सांगून बातमी संपते, आणि ही जात वेगळी आहे हे ठरवले कसे, हा एकमेव वैज्ञानिक प्रश्न कोणी विचारत नाही.

जातीचे वर्णन हे एक विधान असते. ‘माझ्यासमोरचा हा प्राणी आजवर नाव दिलेल्या कोणत्याही प्राण्यांच्या जातीत बसत नाही, आणि तो पुन्हा दिसला तर या या खुणांवरून तुम्हालाही ओळखता येईल’, असे ते विधान. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिच्यानुसार इतर जातींपासून वेगळेपणा दाखवणाऱ्या खुणा शब्दांत द्याव्या लागतात, आणि एक नमुना मूळ नमुना म्हणून निश्चित करून तो कोणत्या संग्रहात ठेवला हे सांगावे लागते. पुढे वाद झाला तर निकाल त्या नमुन्यावरून लागतो. विधान बरोबर आहे की चूक हे मात्र संहिता पाहत नाही. ते पाहायचे काम पुढच्या अभ्यासकाचे.

आणि पुढच्या अभ्यासकाची अवस्था काय होते याचा एक अनुभव आमच्या गाठीशी आहे. विद्यार्थिदशेत सह्याद्रीतील एका सोंडकिड्याचे नाव निश्चित करण्याची कामगिरी आमच्यावर आली. गेल्या शतकाच्या सुरुवातीचे वर्णन मिळाले ते काही ओळींचे: रंग काळा, पंखांवर बारीक खड्ड्यांच्या ओळी, सोंड किंचित वाकलेली, मुक्काम ‘दक्षिण भारत’. आमच्या पेटीतील चार वेगवेगळ्या किड्यांना ते वर्णन सारखेच लागू पडत होते. मूळ नमुना परदेशात. पत्र पाठवले, उत्तर यायला अकरा महिने लागले, आणि उत्तरात नमुना पाठवता येत नाही एवढेच होते. प्रबंधात अखेर त्या चौघांपुढे आम्ही प्रश्नचिन्ह टाकले. ते अजूनही तेथेच आहे. एखादे वर्णन वाचताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हाच: हातात दोन किडे असलेल्या आणि जर्मनीला जाऊ न शकणाऱ्या माणसाला याचा उपयोग होईल का?

या कसोटीवर रीडेल यांची वर्णने बहुतांशी उतरतात. प्रत्येक जातीसाठी एकच ठरलेला साचा आहे. मूळ नमुन्याची लांबी आणि रंग, मग सोंड, छातीचा भाग, पुढचे टणक पंख, पाय आणि शेवटी नराचे प्रजननांग. त्यानंतर एकाच जातीतल्या नमुन्यांत किती फरक आढळतो ते. कोणता नमुना कोठे, किती उंचीवर मिळाला ते. सोबत किड्याचे स्वच्छ, मोठे केलेले छायाचित्र आणि प्रजननांगाचेही. शब्द मोजके आहेत, पण छायाचित्र चांगले असेल तर ‘किंचित वाकलेली’ म्हणजे किती, हा वाद उरत नाही. लेख कोणालाही विनामूल्य वाचता येतात. इंडोनेशियातील मूळ नमुने त्या देशाच्याच बोगोर संग्रहालयाच्या संग्रहात ठेवण्याचा परिपाठ आहे, आणि सुलावेसीच्या कामातील सहलेखक तेथलाच आहे. हे शेवटचे कलम लहान वाटेल. आमच्या अकरा महिन्यांच्या मानाने ते फार मोठे आहे.

यांच्या जोडीला असतो डीएनए बारकोड. पेशीतील तंतुकणिकांमध्ये स्वतंत्र डीएनए असतो. त्यातील एका ठरावीक जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि दोन नमुन्यांत तो किती जुळतो ते पाहायचे. अक्षरे म्हणजे डीएनएचे चार घटक. दिसायला सारखे पण अक्षरांत पुष्कळ वेगळे असे दोन किडे मिळाले की त्यांचे प्रजननांग तपासायचे. तेथेही फरक असेल तर जाती दोन. दोन स्वतंत्र पुरावे एकाच बाजूने बोलले की विधान बळकट होते. तांदळाच्या आणि मक्याच्या सोंड्यांत शंभर वर्षे घोळ झाला तो शोधायला या रीतीने गेले तर काही आठवडे पुरतील.

पण बारकोड हा पुराव्यांपैकी एक राहिला पाहिजे, तोच सर्व पुरावा होता कामा नये. तसे झाल्याचे उदाहरणही त्याच नियतकालिकात आहे. २०२१ साली शार्की आणि सहकाऱ्यांनी कोस्टा रिकातील परजीवी गांधीलमाश्यांच्या ४०३ नव्या जाती एका लेखात जाहीर केल्या. त्यांत बहुतेकींची ओळख म्हणून बारकोडची अक्षरमाला आणि बाजूने घेतलेले एक छायाचित्र, एवढेच दिले होते. त्यावर मायर आणि सहकाऱ्यांनी तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा हिशेबाची पद्धत बदलली की माश्यांचे गटही बदलतात असे दिसले. ज्या जातीची सीमा हिशेबाच्या पद्धतीबरोबर सरकते, तिला नाव देण्याची घाई कशासाठी? शिवाय ज्या महाविद्यालयात डीएनए वाचण्याचे यंत्र नाही तेथल्या प्राध्यापकाने अशी माशी ओळखायची कशी? शार्की यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्या जंगलात हजारो जाती नावावाचून आहेत आणि काम करणारे हात मोजके. ही अडचण आम्ही नाकारत नाही. पण ज्या नावावरून प्राणी ओळखता येत नाही ते नाव अडचण सोडवत नाही, पुढच्या पिढीकडे ढकलते. रीडेल यांनी हा मोह टाळला, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

आता आमच्या हरकती.

पहिली हरकत श्रेयाविषयीच आहे. २०१४ च्या लेखावर पाच जणांची नावे आहेत, त्यांत इंडोनेशियाचेही आहेत. परंतु सर्व ९८ जातींच्या नावांपुढे कर्ता म्हणून एकट्या रीडेल यांचे नाव लागेल, असे लेखाच्या सारांशातच जाहीर केले आहे. वर्गीकरणाची जबाबदारी ज्याची, नावही त्याचे, असा त्यामागचा विचार. तर्काला तो पटतो. चुकीचे वर्णन निघाले तर जाब एकालाच विचारता येतो, हेही खरे. परंतु शास्त्रीय नावामागचे कर्त्याचे नाव शतकानुशतके टिकते आणि लेखावरची नावे विसरली जातात. चिखलातून चाळणी घेऊन फिरण्याची आणि परवान्यांसाठी कचेऱ्यांत बसण्याची मेहनत ज्यांनी केली, त्यांची आठवण त्या दोन शब्दांत राहत नाही. हा नियमभंग नाही. आम्हाला ते रुचले नाही, इतकेच.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. या वर्णनांत ‘जीवनक्रम’ या मथळ्याखाली सहसा एकच ओळ असते: पाचोळा चाळून मिळाला, किंवा झुडपावर काठी मारून पाडला. तो खातो काय, अंडी कोठे घालतो, अळी कोणत्या मुळात किंवा कुजक्या फांदीत वाढते, यातले काही नाही. आंब्याच्या कोयीतला सोंडकिडा आपण ओळखतो तो कोयीमुळे. नारळाच्या बुंध्यातला लाल सोंडकिडा ओळखतो तो त्याने मारलेल्या माडामुळे. सामान्य माणसाला प्राणी कळतो तो त्याच्या उद्योगावरून. ट्रिगोनॉप्टेरसच्या शेकडो जातींना नावे आहेत, छायाचित्रे आहेत, अक्षरमाला आहेत. उद्योग मात्र कळत नाही. भरभर काम करण्याची ही किंमत आहे, आणि लेखकांनी ती जाणूनबुजून मोजली आहे. आम्हीही कदाचित तीच मोजली असती. परंतु ‘या बेटावरील सोंडकिडे आता माहीत झाले’ असे कोणी म्हणेल तेव्हा त्याला थांबवले पाहिजे.

निवांतपणे पाहिले तर एकाच किड्यात काय सापडते, याचे उत्तर याच गटाने दिलेले आहे. ट्रिगोनॉप्टेरस ऑब्लाँगस या न्यू गिनीतील जातीच्या पायाचा क्ष-किरणांनी त्रिमिती अभ्यास करताना असे दिसले की, पायाचा शरीराला जोडणारा सांधा चक्क नट आणि स्क्रूसारखा आहे. एका भागाला आतून आटे, दुसऱ्याला बाहेरून, आणि पाय फिरतो तो त्या आट्यांत. २०११ साली ‘सायन्स’ साप्ताहिकात हे प्रसिद्ध झाले. तोवर माणसाला वाटत होते की स्क्रू हा आपलाच शोध. एका जातीच्या एका सांध्याने एवढे दाखवले. साच्यातल्या वर्णनात पायाला दोन ओळी मिळतात.

जातींच्या सीमा नीट आखल्या नाहीत तर बिघडते काय, असेही कोणी विचारील. बाली आणि लोंबोक यांमधल्या अरुंद सामुद्रधुनीतून वॉलेसची प्रसिद्ध रेषा जाते. तिच्या पश्चिमेला आशियाची जीवसृष्टी आणि पूर्वेला ऑस्ट्रेलियाची सुरू होण्याची चिन्हे. हे सोंडकिडे मूळचे पूर्वेकडचे, उडता न येणारे. तरीही बालीवरील जातींचा वंशवृक्ष मांडला तेव्हा दिसले की त्यांच्या पूर्वजांनी ती रेषा एकदा नव्हे, अनेकदा ओलांडली आहे. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. ‘अनेकदा’ हा शब्द सर्वस्वी अवलंबून आहे तो कोणता किडा कोणाचा सख्खा आणि कोणाचा चुलत, यावर. दोन जाती चुकून एक धरल्या तर एक समुद्रप्रवास गायब होतो. एकीच्या दोन केल्या तर नसलेला प्रवास घडतो. वनरक्षणाचेही तसेच. २०१४ च्या लेखाचा इशारा आहे की, सुमात्रा-जावाकडील सदाहरित जंगलांचे तुकडे झाले आहेत आणि त्यांतील कित्येक तुकड्यांत तेथल्यापुरत्याच जाती आहेत. म्हणून केवळ प्रसिद्ध अभयारण्ये राखून भागत नाही, लहान आणि अनाम रानेही राखावी लागतील. कचेरीतल्या माणसाने ‘हा वेगळा किडा कशावरून?’ असे विचारले, तर उत्तर म्हणून पुढे करायला वर्णनाखेरीज दुसरे काही नसते.

शिक्षकांनी हे वर्गात करून पाहावे असे आम्ही सुचवतो. खर्च काही नाही. तांदळातले सोंडे, पिठातले तांबडे भुंगेरे आणि कडधान्यातले भुंगे काड्यापेटीत एकेक ठेवावेत, पेट्यांवर आकडे घालावेत आणि भिंग देऊन प्रत्येक गटाला एका किड्याचे वर्णन पाच ओळींत लिहायला सांगावे. नाव लिहायचे नाही. मग वर्णने आणि पेट्या वेगवेगळ्या करून दुसऱ्या गटाला जुळवायला द्याव्यात. आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकेने आठवीच्या वर्गात हे केले. पहिल्या दिवशी ‘तपकिरी, सहा पाय, बारीक’ अशी वर्णने आली आणि ती सगळ्या पेट्यांना लागू पडली; वर्गात हशा झाला. दुसऱ्या दिवशी मुलांनी मिलिमीटरची पट्टी मागितली. सोंड डोक्याच्या कितीपट लांब आहे, पंखांवर तांबूस ठिपके किती आणि कोठे आहेत, हे लिहायला सुरुवात झाली. तिसऱ्या दिवशी बाईंनी कोणालाही न सांगता एका पेटीत निराळ्याच घरचा, थोडा मोठा सोंडा ठेवला. एका मुलीने लिहिले: ‘हा सोंडाच आहे, पण आमच्या वर्णनात नीट बसत नाही. आणखी चार पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.’